39 दिवसांचे निर्विवाद विजेतेपद: उसिक, आयबीएफचा पट्टा आणि रांगेत थांबलेला हर्गोविच

पुण्यातील ज्या क्लबात मी बॉक्सिंग शिकवतो, तेथे रविवारी सकाळचा सराव आटोपला की तासभर अभ्यासवर्ग भरतो. येरवडा, खडकी, हडपसर या भागांतून येणारी मुले-मुली, पंच होण्याच्या परीक्षेची तयारी करणारे दोघे-तिघे आणि व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळावे की नाही या विचारात असलेले काही ज्येष्ठ खेळाडू त्यात बसतात. 18 मे 2024 च्या रात्री रियाधमध्ये युक्रेनच्या ऑलेक्झांडर उसिकने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाच्या, लढतीत हरवले, तेव्हा आपल्याकडे 19 मेची पहाट होती आणि तो रविवार होता. त्या दिवशी मुलांनी फळ्यावर चार वर्तुळे काढली, त्यांत डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ ही विश्वविजेतेपदाचे पट्टे देणाऱ्या चार संस्थांची नावे लिहिली आणि चारही वर्तुळांतून रेघा ओढून त्या उसिकच्या नावाशी नेऊन जोडल्या. जूनच्या शेवटच्या रविवारी एका मुलीने ओल्या फडक्याने त्यांतली आयबीएफची रेघ पुसली. रेघ गेली, पण खडूचा पांढुरका ओघळ फळ्यावर राहिला. तिने मागे वळून विचारले, "सर, पण हा हरला कधी?"

तो हरला नव्हता. मग पट्टा गेला कसा, हे समजून घेण्यासाठी आम्ही हे प्रकरण तीन रविवार अभ्यासले. त्या चर्चेची टिपणे एकत्र करून हा लेख लिहिला आहे.

काय घडले

फ्युरीशी लढण्यापूर्वी उसिककडे डब्ल्यूबीए, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या तीन संस्थांचे हेवीवेट गटातील पट्टे होते. ते त्याने 25 सप्टेंबर 2021 रोजी लंडनमध्ये अँथनी जोशुआकडून जिंकले होते. डब्ल्यूबीसीचा चौथा पट्टा फेब्रुवारी 2020 पासून फ्युरीकडे होता. रियाधच्या लढतीत बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपंचांनी 115–112 आणि 114–113 असा उसिकच्या बाजूने, तर तिसऱ्याने 114–113 असा फ्युरीच्या बाजूने कौल दिला. 1999 मध्ये लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलीफिल्डला हरवले होते, त्यानंतर हेवीवेट गटाला निर्विवाद, म्हणजे त्या त्या वेळचे सर्व प्रमुख पट्टे एकट्याकडे असलेला, विजेता मिळाला नव्हता, आणि चारही पट्टे एका कमरेला बांधले जाण्याची तर या गटातील ती पहिलीच वेळ होती.

करारात परतीच्या लढतीचे कलम होते, ते वापरले गेले आणि उसिक-फ्युरी दुसऱ्या लढतीसाठी 21 डिसेंबर ही तारीख ठरली. त्याच वेळी आयबीएफच्या नियमाप्रमाणे अनिवार्य आव्हानवीराशी, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतल्या 'मँडेटरी'शी, लढण्याची वेळ केव्हाच येऊन गेली होती. एकाच माणसाने त्या अवधीत दोन्ही लढती लढणे शक्य नव्हते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात उसिकने एका चित्रफितीतून आयबीएफचा पट्टा सोडत असल्याचे सांगितले, आणि 26 जून रोजी त्या संस्थेचा अंतरिम, म्हणजे तात्पुरता, विजेता डॅनियल डुब्वा पूर्ण विजेता झाला. 18 मे ते 26 जून हे दिवस मोजले तर 39 भरतात.

मँडेटरीचा नियम कशासाठी आहे

चारही संस्था खासगी आहेत. डब्ल्यूबीएची मुळे 1921 पर्यंत मागे जातात; डब्ल्यूबीसी 1963 मध्ये, आयबीएफ 1983 मध्ये आणि डब्ल्यूबीओ 1988 मध्ये सुरू झाली. या संस्था स्वतः लढती भरवत नाहीत. लढती प्रवर्तक भरवतात. संस्था त्या लढतीला विजेतेपदाची लढत म्हणून मान्यता देतात आणि त्याबद्दल खेळाडूच्या मानधनातून साधारण 3 टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतात. हे शुल्क लक्षात ठेवावे, कारण पट्ट्यांची नावे का वाढत जातात याचा थोडाफार उलगडा त्यातून होतो.

आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा दर स्पर्धेत नव्याने लढून मिळवावी लागते. गेल्या वेळचा केसरी आखाड्यात उतरला नाही तरी गदेसाठी कोण लढणार हे स्पर्धेतल्या निकालांवरून ठरते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशी स्पर्धाच नसते. ते जत्रेच्या फडातल्या नेमलेल्या कुस्तीच्या अधिक जवळचे आहे: जोड कोणाशी लावायची हे फड भरवणारे ठरवतात, आणि ज्याच्या मागे कोणी नाही असा चांगला मल्ल कडेला बसून राहू शकतो. पट्टा विजेत्याच्या ताब्यात असतो, विजेता प्रवर्तकाशी करारबद्ध असतो, आणि धोकादायक पण गर्दी न खेचणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात त्या दोघांचाही फायदा नसतो. अशा प्रतिस्पर्ध्याला एकच आधार आहे, तो म्हणजे मँडेटरीचा नियम. ठरावीक मुदतीत विजेत्याने संस्थेच्या पहिल्या उपलब्ध आव्हानवीराशी लढलेच पाहिजे, नाहीतर पट्टा सोडला पाहिजे, असे हा नियम सांगतो.

मुदत संस्थेगणिक वेगळी असते. आयबीएफची मुदत नऊ महिन्यांची आहे आणि चौघींमध्ये तीच सर्वांत काटेकोर समजली जाते. तिच्या क्रमवारीतील पहिले आणि दुसरे स्थान कित्येकदा रिकामे दिसते, कारण तेथे बसण्यासाठी आधी पात्रता लढत जिंकावी लागते. विजेता आणि मँडेटरी यांच्या प्रवर्तकांना वाटाघाटीसाठी 30 दिवस मिळतात. तेवढ्यात जमले नाही तर लढतीच्या हक्कासाठी बोली लावली जाते आणि जास्त बोली लावणारा ती लढत भरवतो. दोन संस्थांचे विजेते एकमेकांशी लढणार असतील तर सवलत मागता येते. परतीच्या लढतीसाठी मात्र आयबीएफ अशी सवलत सहजासहजी देत नाही, आणि या प्रकरणाची गाठ नेमकी येथेच बसली.

रांगेत थांबणे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या क्लबातील एक खेळाडू, वजन 63.5 किलोच्या आत, काही वर्षांपूर्वी एका स्थानिक पट्ट्यासाठी पुढचा आव्हानवीर ठरला होता. तारीख तीनदा पुढे गेली. तारीख कधीही जाहीर होईल म्हणून तो सात महिने वजन धरून होता. घरात सगळ्यांबरोबर जेवायला बसायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठायचा. मधल्या काळात दुसरी लढत घ्यावी तर जखम होण्याची भीती, आणि हरलो तर रांगेतली जागा जाण्याची भीती. शेवटी त्या आयोजकांनी विजेत्यासाठी वेगळ्याच नावाचा नवा पट्टा काढला आणि याची लढत झालीच नाही. तो मुलगा आता बॉक्सिंग करत नाही. मँडेटरीचा नियम हा कागदी अडथळा आहे असे कोणी म्हणाले की मला ती अर्धी भाकरी आठवते.

21 महिन्यांची वाट

उसिकच्या प्रकरणात असा थांबलेला माणूस होता क्रोएशियाचा फिलिप हर्गोविच. 20 ऑगस्ट 2022 रोजी जेद्दाह येथे, उसिक आणि जोशुआ यांच्या परतीच्या लढतीच्याच कार्यक्रमात, त्याने झांग झिलेईला गुणांवर हरवले. पहिल्याच फेरीत खाली पडूनही तो उठला आणि बारा फेऱ्या लढून आयबीएफचा मँडेटरी झाला. त्या रात्री तो आणि ज्याच्याशी त्याला लढायचे होते तो विजेता एकाच रिंगमध्ये, काही तासांच्या अंतराने उतरले होते. पुढे या दोघांची लढत कधीच लागली नाही.

उसिककडे तीन पट्टे असल्याने तीन संस्थांनी मँडेटरी लढतींचा फिरता क्रम लावला होता. आधी डब्ल्यूबीएची पाळी आली, आणि 26 ऑगस्ट 2023 रोजी पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात उसिकने डुब्वाला नवव्या फेरीत हरवले. येथे पदनामांचा गोंधळ मुलांना दाखवण्यासारखा आहे. डुब्वा हा त्या वेळी स्वतःच डब्ल्यूबीएचा 'रेग्युलर' विजेता होता. जून 2022 मध्ये मायामीत त्याने तो पट्टा जिंकला होता. उसिक हा त्याच संस्थेचा 'सुपर' विजेता होता. म्हणजे एकाच संस्थेचे, एकाच वजनगटाचे दोन विश्वविजेते समोरासमोर आले आणि त्यांतला एक दुसऱ्याचा आव्हानवीर होता. संस्थेचा खुलासा असा की ज्याच्याकडे दुसऱ्या संस्थेचाही पट्टा आहे त्याला 'सुपर' म्हणून वर चढवले जाते, त्यामुळे खालची जागा मोकळी होते. व्यवहारात एका पट्ट्याच्या जागी दोन पट्ट्यांच्या लढती होतात, आणि शुल्कही दोनदा मिळते.

डुब्वानंतर आयबीएफची पाळी होती. पण तोपर्यंत सगळ्यांना उसिक-फ्युरी हवी होती. ती आधी डिसेंबर 2023 मध्ये होणार होती, मग 17 फेब्रुवारी 2024 ठरली, आणि सरावात फ्युरीच्या डोळ्यावर चीर पडल्याने 18 मेवर गेली. आयबीएफने या लढतीला वाट करून दिली. माझ्या मते ते योग्य होते. चारही पट्ट्यांची लढत हर्गोविचच्या लढतीपेक्षा मोठी होती यात वाद नाही. हर्गोविच या काळात रिकामा बसला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये लंडनला डेम्सी मॅकीन आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रियाधला मार्क डी मोरी यांना त्याने हरवले. त्याची पाळी मात्र प्रत्येक पुढे ढकललेल्या तारखेबरोबर मागे सरकत राहिली.

1 जून 2024 रोजी, उसिक-फ्युरी लढतीनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, हर्गोविच रियाधमध्ये डुब्वाशी लढला. लढतीच्या तोंडावर आयबीएफने तिला अंतरिम विजेतेपदाची मान्यता दिली. सुरुवातीच्या फेऱ्यांत हर्गोविच चांगला लढत होता. मग डोळ्यांवरच्या जखमांतून रक्त उतरू लागले, आणि आठव्या फेरीत डॉक्टरांनी तपासून लढत थांबवायला सांगितली. तोवर तो व्यावसायिक कारकिर्दीत अपराजित होता. पंचांचा तो निर्णय बरोबर होता, हे वर्गात मी आवर्जून सांगितले. दिसत नसलेल्या खेळाडूला पुढे लढू देणे गुन्ह्यासारखे आहे.

आता हिशेब पाहावा. 21 महिने ज्या हक्कासाठी हर्गोविच थांबला, तो हक्क विजेत्याशी लढण्याचा होता. प्रत्यक्षात त्याला दुसऱ्या आव्हानवीराशी लढावे लागले, आणि पणाला लागला तो 'अंतरिम' हे विशेषण लावलेला पट्टा. तो हरला, आणि 25 दिवसांनी ते विशेषण गळून पडून डुब्वा पूर्ण विजेता झाला. नियमाने आव्हानवीराची खुर्ची राखली, पण खुर्चीवर बसलेला माणूस राखला नाही. अंतरिम पद मूळचे विजेता जखमी किंवा आजारी असतानाची सोय म्हणून कल्पिलेले आहे. उसिक जखमी नव्हता, बेपत्ता नव्हता. त्याने दोनच आठवड्यांपूर्वी बारा फेऱ्या लढल्या होत्या. अशा वेळी अंतरिम पट्टा काढणे म्हणजे येणाऱ्या रिकाम्या जागेची आगाऊ भरती करणे होय, आणि या प्रकरणात मला खटकते ते एवढेच.

असे पूर्वीही झाले आहे

वर्गातील एका ज्येष्ठ खेळाडूचा आक्षेप असा होता की आयबीएफने उसिकशी वैर धरले. ते खरे नाही, आणि पुरावा खुद्द फ्युरीच्याच कारकिर्दीत आहे. 28 नोव्हेंबर 2015 रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये फ्युरीने व्लादिमिर क्लिचकोला हरवले. करारात परतीच्या लढतीचे कलम होते; आयबीएफचा मँडेटरी होता व्याचेस्लाव ग्लाझकोव. डिसेंबरचा पंधरवडाही सरला नव्हता तोच आयबीएफने फ्युरीचा पट्टा काढून घेतला. जानेवारी 2016 मध्ये रिकाम्या पट्ट्यासाठी चार्ल्स मार्टिन आणि ग्लाझकोव लढले, तिसऱ्या फेरीत ग्लाझकोवचा गुडघा गेला, आणि एप्रिलमध्ये जोशुआने मार्टिनला दुसऱ्याच फेरीत झोपवून तो पट्टा घेतला. साडेआठ वर्षांच्या अंतराने तीच संस्था, तेच कलम आणि तोच निकाल. नियम कडक आहे, पण माणूस पाहून बदललेला नाही.

त्याहून जुना दाखला 1978 चा. लिऑन स्पिंक्सने फेब्रुवारीत मुहम्मद अलीला हरवले आणि केन नॉर्टनऐवजी अलीशीच पुन्हा लढण्याचे ठरवले. मार्चमध्ये डब्ल्यूबीसीने त्याची मान्यता काढून नॉर्टनला विजेता ठरवले. तेव्हापासून परतीची लढत आणि मँडेटरी यांचे भांडण चालूच आहे.

पदनामांच्या बाबतीत डब्ल्यूबीसीचे 'फ्रँचायझी' विजेतेपद, म्हणजे नावाजलेल्या विजेत्याला मँडेटरीच्या बंधनाशिवाय दिलेले वेगळे पद, हे सर्वांत अवघड उदाहरण आहे. 2019 मध्ये वासिल लोमाचेन्कोला लाइटवेट गटात ते पद दिले गेले आणि डेव्हिन हेनीला अंतरिमवरून पूर्ण विजेता केले गेले. ऑक्टोबर 2020 मध्ये टिओफिमो लोपेझने लोमाचेन्कोला हरवले तेव्हा अर्ध्या जगाने त्याला निर्विवाद विजेता म्हटले आणि उरलेल्यांनी हेनीकडे बोट दाखवले. तो वाद जून 2022 मध्ये मेलबर्नला हेनीने, लोपेझला हरवून त्याचे पट्टे घेतलेल्या जॉर्ज कॅम्बोसोसला हरवल्यावरच मिटला. आपल्या खेळाडूंनी हे जाणून घेतले पाहिजे, कारण पट्ट्याचे नाव न वाचता केलेला आनंद आपल्याकडेही होतो. विजेंदर सिंगने जुलै 2016 मध्ये दिल्लीत जिंकलेला पट्टा डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक, म्हणजे प्रादेशिक, पट्टा होता. त्या यशाचे मोल मोठेच आहे; पण कितीतरी लोक त्याला जगज्जेता म्हणू लागले.

उसिक स्वतः कोणत्या दाराने आला

प्रकरणाचा हा भाग बहुतेक जण विसरतात. 2018 मध्ये मॉस्कोत मुरात गासिएवला हरवून उसिक हेवीवेटच्या लगत खालच्या क्रूझरवेट गटाचा निर्विवाद विजेता झाला होता. डब्ल्यूबीओचा नियम असा आहे की तिच्या 'सुपर' विजेत्याने वरच्या वजनगटात जायचे ठरवले तर त्याला तेथे मँडेटरीचे स्थान मिळू शकते. त्या नियमाने उसिक हेवीवेटमध्ये जोशुआचा मँडेटरी झाला. 2021 मध्ये जोशुआ आणि फ्युरी यांची लढत जवळजवळ ठरली होती. फ्युरीला डिऑन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढणे भाग पडल्याने ती फिसकटली, आणि डब्ल्यूबीओने जोशुआला उसिकशी लढायला सांगितले. मँडेटरीचा नियम नसता तर त्या वर्षी जोशुआने उसिकला जवळ केले असते असे मला वाटत नाही. ज्या नियमाने 2024 मध्ये उसिककडून एक पट्टा नेला, त्याच प्रकारच्या नियमाने 2021 मध्ये त्याला तीन पट्टे मिळवण्याची संधी दिली होती. उसिकने आपला पट्टा भांडण न करता, पुढे एकमेकांशी लढणार असलेल्या जोशुआ आणि डुब्वा यांना भेट दिल्यासारखा सोडला, याचे कारण मी लावतो ते असे की त्याला या नियमाची दुसरी बाजूही ठाऊक होती.

खरी अडचण मोजणीची आहे

पुण्यात विसर्जनाच्या दिवशी कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला असतो, आणि मागची मंडळे तासन्‌तास थांबतात. पण रांग एकच असते, म्हणून आज ना उद्या प्रत्येकाची पाळी येते. निर्विवाद विजेत्यासमोर चार रांगा असतात आणि रस्ता एकच असतो. सप्टेंबर 2021 ते जुलै 2025 या जवळपास चार वर्षांत उसिक सहा वेळा लढला. या वजनगटातल्या अव्वल खेळाडूसाठी हा वेग कमी नाही. प्रत्येक लढतीमागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते. चार संस्थांच्या नऊ महिने ते वर्षभराच्या मुदती त्या वेगावर बसवून पाहा, चौघींच्या पाळ्या पुऱ्या होण्याआधीच पहिलीची मुदत पुन्हा संपलेली असते. त्यात एक परतीची लढत घाला की हिशेब कोलमडतोच. म्हणून निर्विवाद विजेतेपद मिळाल्यावर ते काही महिन्यांत फुटते, आणि त्यात खेळाडूचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

यावर काय करता येईल, याबद्दल वर्गात एकमत झाले नाही. पंचपरीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने निर्विवाद विजेत्याला दीड वर्ष मोकळीक द्यावी असे सुचवले. मला ते पटले नाही, कारण त्या दीड वर्षात चार हर्गोविच थांबतील. माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. विजेता तंदुरुस्त असेल तर अंतरिम पट्टा काढू नये. आणि मँडेटरीला मागे सरकवायचे असेल तर त्याला मिळणारी भरपाई प्रवर्तकांच्या खासगी सौद्यावर न सोडता ती नियमात लिहावी, इतक्या महिन्यांना इतकी, अशी स्पष्ट. बाजूला होण्यासाठी पैसे देण्याची रीत या धंद्यात आहेच. पण ज्याचा प्रवर्तक मोठा त्याला ती रक्कम मोठी मिळते, आणि नियमाचा आधार मुळात ज्यांना हवा असतो त्यांच्या हाती सर्वांत कमी लागते.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. 21 सप्टेंबर 2024 रोजी वेम्ब्लीवर डुब्वाने जोशुआला पाचव्या फेरीत पाडून आपले विजेतेपद रिंगमध्ये सिद्ध केले. 21 डिसेंबरला उसिकने फ्युरीला पुन्हा हरवले, तिन्ही गुणपंचांकडे 116–112 असे. 19 जुलै 2025 रोजी वेम्ब्लीवरच उसिकने डुब्वाला पाचव्या फेरीत बाद करून आयबीएफचा पट्टा परत घेतला आणि तो पुन्हा निर्विवाद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला आणि अंतरिम विजेता फॅबियो वॉर्डली न लढता पूर्ण विजेता झाला. आमच्या फळ्यावरची दुसरी रेघ त्यानंतरच्या रविवारी पुसली गेली.

हर्गोविचने एप्रिल 2025 मध्ये मँचेस्टरला जो जॉइसला आणि ऑगस्टमध्ये रियाधला डेव्हिड अडेलेला गुणांवर हरवले. 2025 संपेपर्यंत पूर्ण विश्वविजेतेपदासाठी तो एकदाही रिंगमध्ये उतरला नव्हता.